कडा सांगता येत नाहीत

१७ जून २०१४, मंगळवार
पुन्हा रक्त. होळीपासून किती वेळा ते मोजणं सोडलं. मूळव्याधीच्या पुड्या संपल्या. दुकानदार म्हणतो, काकी, और पंधरा दिन लो. तिखट सोडलं, वांगी सोडली. फरक नाही.

भिंतीपलीकडे देवराव भाऊजींची मशीन सकाळपासून चालू. शाळांचे गणवेश. मशीन थांबली की समजायचं, दीर जेवायला येणार. त्यांनी लग्न केलं नाही, ताट पहिल्यापासून माझ्याकडे. हे होते तोवर दोघे भाऊ शेजारी शेजारी बसायचे. हे जाऊन तीन वर्षं झाली, तरी भाऊजी अजून डावीकडे सरकून बसतात. जागा सोडून.

त्यांना काय सांगणार, रक्त कुठून येतं ते.

२१ जून, शनिवार
सुजाता आली तिरोड्याहून. दोरीवरचं लुगडं काढताना डाग दिसला तिला.
"आई, हे कधीपासून?"
"आहे थोडं."
"थोडं म्हणजे?"
मग सगळं सांगावं लागलं. रडली नाही. बुधवारी डॉक्टरकडे नेते म्हणाली, मुलांना सासूजवळ ठेवून येते म्हणाली. आणि मग भाजी चिरत बसली. रागावली की असंच करते. यांचंही तसंच होतं.

२५ जून, बुधवार
गोंदियात, बाजारातल्या डॉक्टरांकडे. बोटाने तपासलं. मी छताकडे बघत पडून होते, पंख्याला किती पाती ते बघत. डॉक्टरांनी हात धुतले. मग म्हणाले, "काकी, ये बवासीर नहीं है. नागपूर जाकर दुर्बीण करवाओ. टालना मत."
मूळव्याध नाहीच. तीन महिने पुड्या खाल्ल्या. एवढी पुस्तकं वाचते आणि स्वतःच्या शरीराचं दुकानदाराला विचारत बसले.

२ जुलै, बुधवार
नागपूर. दुर्बीण झाली. पोट साफ करायचं औषध आदल्या दिवसापासून, अंगात काही उरलं नाही. दुखलं कमी, लाज जास्त. आत एक गाठ आहे, चपटी, रुपयाएवढी, अगदी खाली. तिथला कण काढून तपासायला दिला. एमआरआयही काढला.
गाडीत सु. सारखी फोनवर. जावयाला सांगत होती, "नाही, अजून काही कळलं नाही." मी खिडकीतून बघत होते. धानाची रोवणी अजून कुठेच नाही. नुसते रोपांचे पऱ्हे उभे आहेत.

९ जुलै, बुधवार
कॅन्सर. पण अगदी सुरुवातीचा, वरच्या थरात असावा असं म्हणतात. हे "असावा" दोन्ही डॉक्टर म्हणाले.
दोन डॉक्टर आहेत. एक दुर्बीणवाले, एक सर्जन. आधी याच्या खोलीत, मग त्याच्या. दोघं चांगले बोलतात. दोघं वेगळं सांगतात.
देवराव भाऊजी सोबत होते. त्यांना आत नेलं नाही, बाहेर बाकावर बसवलं. मी बाहेर आले तर मान खाली घालून विचारतात, "वयनी, काय म्हनते?"
गाठ आहे म्हटलं. कुठे ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. भला माणूस.

१० जुलै, गुरुवार
वहीचं पान मधोमध दुमडलं. एका बाजूला दुर्बीण, एका बाजूला आपरेशन. हे असते तर पट्टीने रेघ मारून दिली असती.

दुर्बीण: पोट फाडत नाहीत. गाठीखाली पाणी टोचून ती फुगवतात, भोवतीने कापून एकसंध काढतात. दोन दिवसांत घरी. सगळं आपल्या जागी राहतं. पण निघतो तेवढाच तुकडा. बाजूच्या बारीक गाठींत काही शिरलंय का ते कळत नाही. तुकड्याची कड आणि तळ साफ आहे का, हे लॅबवाले बघून सांगणार. साफ असेल तर दर काही महिन्यांनी तपासत राहायचं. नसेल तर आपरेशन आहेच.

आपरेशन: तो भागच काढतात, भोवतालच्या गाठींसकट. सगळं तपासायला मिळतं, म्हणून खात्री जास्त. पण माझी जागा फार खाली. आतडं जोडता आलं तर काही महिने पोटावर पिशवी, नाही आलं तर जन्मभर. जोडलं तरी दिवसातून सहा-सात वेळा धावावं लागू शकतं. आणि साठीतलं शरीर, भूल, टाके, ते वेगळंच.

दोघं एकमेकांविरुद्ध बोलत नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, एकाची बाजू घेता आली असती. दुर्बीणवाले म्हणतात, सर्जन म्हणतात ते चूक नाही. सर्जन म्हणतात, त्यांचाही मार्ग आहे. मी सर्जनना विचारलं, "तुमच्या आईला असतं तर?" म्हणाले, "मावशी, माझी आई माझं कुठं ऐकते?"
हसले. पण उत्तर मिळालं नाही.

यांच्या वेळी निवडायला काही नव्हतं. सकाळी शाळेचं कुलूप काढायला गेले, दहा वाजता उचलून आणले. मला वाटायचं, दहा मिनिटं मिळाली असती तर काहीतरी करता आलं असतं. आता मला दिवसच्या दिवस मिळालेत आणि...

१२ जुलै, शनिवार
पौर्णिमा. वर्षावास सुरू, आता तीन महिने, आश्विन पौर्णिमेपर्यंत. विहारात ग्रंथवाचन मीच करायचं, हे नववं वर्ष. तासभर मांडी घालून बसवलं. मध्ये एकदा वाटलं, उठावं लागतं की काय.
या गादीवर बसायला मी शिकले कुठे? चौथीत शाळा सुटली. हे शाळेत शिपाई, वाचनालयाची फाटकी पुस्तकं घरी आणायचे. मी तांदळाची खळ शिजवून पानं चिकटवायची आणि वाळेपर्यंत वाचायची. वाळायला उशीर लागावा म्हणून खळ पातळ करायची. यांना कळायचं. बोलायचे नाहीत.
पिशवी असली तर इथे बसता येईल का? आवाज होतो म्हणतात तिचा. सगळ्या शांत बसलेल्या असतात.

१३ जुलै, रविवार
कमलाबाईला सांगितलं, शेजारची, विहारात माझ्या बाजूला बसते. म्हणाली, "पिशवी त पिशवी बाप्पा! मायी सासू बिनापिशवीची होती त का शांत बसत होती? सुत्तपठन चालू आन तिचं अलग चालू."
फार दिवसांनी पोट धरून हसले.

१५ जुलै, मंगळवार
दुर्बीण ठरवलं. सु. ला पटलं नाही. "आई, एकदाच काय ते करून टाक. अर्धवट काऊन?" मी म्हटलं, अर्धवट नाही, आधी छोटं. कड साफ निघाली तर मोठं लागणार नाही. ती म्हणाली, "आणि नाही निघाली तर?"
तर मोठं.
सरळ हिशेब आहे. सगळं त्या तुकड्याच्या कडेवर आहे.

२३ जुलै, बुधवार. नागपूर
काल झालं. दोन तास लागले म्हणे, मला काही कळलं नाही. दुर्बीणवाले डॉक्टर स्वतः खाटेजवळ आले, मोबाइलवर फोटो दाखवला. पांढऱ्या थर्माकोलवर सपाट पसरलेला गुलाबी तुकडा, भोवती टाचण्या. "एका तुकड्यात निघाली, मावशी. बघा किती सुंदर." सुंदर म्हणाले. मला बेडकाच्या चामडीसारखं दिसलं, पण त्यांचा आनंद बघून हो म्हटलं.
लॅब दुसरीकडे आहे. तुकड्याचा डबा नातेवाइकांनीच पोचवायचा, इथे तशीच पद्धत. सु. माझ्याजवळ होती, भाऊजी डबा घेऊन गेले. संध्याकाळी पावती घेऊन आले. दमलेले. लॅबवाल्याने "पाँच बजे आओ" सांगितलं म्हणे, तोवर बाहेर ओट्यावर बसून होते. बोटं लाल झालेली, विचारलं तर म्हणाले, "काई नाई, खाज सुटली."

२५ जुलै, शुक्रवार
घरी. पातळ भात, वरण. रोवणी सुरू झाली, बायांचा आवाज येतो रस्त्यावरून सकाळी. दे. भा. ताट स्वतः वाढून घेतात. मला उठू देत नाहीत.

२८ जुलै, सोमवार
आज बरं. वाचनाला गेले. उशी घेऊन.

२ ऑगस्ट, शनिवार
रिपोर्ट.
डॉक्टरांनी दोनदा वाचला. मग इंग्रजीचं मराठी करून सांगितलं. तुकडा गुंडाळलेल्या अवस्थेत आला. दिशेची खूण नाही. रोग वरच्या थरापर्यंतच दिसतो, पण कडा सांगता येत नाहीत, तळही खात्रीने सांगता येत नाही.
डॉक्टर चिडले. माझ्यावर नाही. लॅबला फोन लावला, "मी पिन करून पाठवला होता! वरच्या बाजूला धागा बांधला होता!" पलीकडचा म्हणत असावा, असाच आला. डॉक्टरांनी पुन्हा तो फोटो काढला, आम्हाला दाखवला. "हे बघा. नऊ पिना. हा काळा धागा. सपाट राहिला तरच कड दिसते, नाहीतर कापडाची गुंडाळी झाली, तिची किनार कुठली सांगणार?"
या वेळी भाऊजी आत होते. कापडाचं नाव निघालं तशी त्यांची मान खाली गेली. तीस वर्षं ओळखते त्या मानेला. काही विचारलं नाही. गाडीतही नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार
मशीन सकाळपासून बंद. अकराला दे. भा. आले, बसले नाहीत. उभ्यानेच.
"वयनी, मीनं काहाडल्या."
मी म्हटलं, माहीत आहे. बसा.
मग एकेक सांगितलं. ओट्यावर बसले होते. डबा पारदर्शक. आत टाचण्या दिसल्या. त्यांना वाटलं, काढायच्या राहून गेल्या. "ओल्या कपड्यात टाचनी राह्यली त गंज धरते न वयनी. डाग पडला त तपासनार कसे?" डबा उघडला, त्या झोंबणाऱ्या पाण्यात बोटं घालून एकेक काढली. थर्माकोल बाजूला ठेवला. तुकडा पाण्यात आपोआप वळला. धागा लोंबत होता, तो कात्रीने कापला. खिशात लहान कात्री असतेच त्यांच्या. टाचणी राहिलेला, धागा लोंबणारा माल त्यांनी चाळीस वर्षांत कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही.
खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. नऊ.
"फेकता आल्या नाई," म्हणाले.
मला राग आला पाहिजे होता. आला नाही. जेवून घ्या म्हटलं. ते जेवले नाहीत.

६ ऑगस्ट, बुधवार
सु. ला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "काका विचारू नाही शकला? एक शब्द?"
कोणाला विचारणार, ते तिथे एकटे होते.
"आई, तू त्याची बाजू नको घेऊ."
मी बाजू घेत नाही. कोणाची बाजू घ्यायची ताकद नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार
लॅबवाल्यांनी उरलेला तुकडा पुन्हा कापून बघितला. तेच. दिसतं तिथे साफ, पण सगळं दिसत नाही.
दुर्बीणवाले म्हणतात, माझ्या डोळ्यांना पूर्ण निघाली, तीन महिन्यांनी जखमेची जागा बघू, तिथला कण घेऊ, मग ठरवू. सर्जन म्हणतात, कड माहीत नाही म्हणजे साफ नाही असंच धरायचं, आपरेशन करून घ्या. पुन्हा दोघं एकमेकांना चूक म्हणत नाहीत.
मी म्हटलं, वाचन आश्विन पौर्णिमेला संपतं. सर्जन म्हणाले, "ठीक. त्यापुढे नको, मावशी."

२७ ऑगस्ट, बुधवार
काही नाही. पाऊस. वाचन. रक्त नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार
सु. पोळ्याला आली नव्हती, आज आली. काकाशी बोलत नाही. ते दारात आले की उठून आत जाते. दे. भा. ताट घेऊन आपल्या घरी जेवले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ताट भिंतीपलीकडे नेलं. इकडे आम्ही दोघी समोरासमोर, आणि पलीकडून तांब्याचा आवाज येत होता.

२४ सप्टेंबर, बुधवार
दे. भा. दुपारी आले. हातात दोन परकर, पांढरे, मऊ कापडाचे. कमरेला नाडी नाही, रुंद पट्टी, आणि डाव्या बाजूला आतून अस्तराचा कप्पा. नागपूरला वॉर्डातल्या एका बाईच्या नवऱ्याला विचारलं म्हणे, पिशवी कुठे येते, किती मोठी असते, नाडी कुठे रुतते. परक्या माणसाला विचारलं. जो माणूस गाठ कुठे आहे ते मला विचारू शकला नाही.
"लागले त. नाई लागले त पोछायले होतीन."
शिवण बघितली. एक धागा बाहेर नाही.
ते गेल्यावर रडले. यांच्यासाठी रडते तसं नाही. वेगळंच. परकर घालून बघितला. बसतो. कप्पा रिकामा, हाताला जाणवतो.

८ ऑक्टोबर, बुधवार
पौर्णिमा. ग्रंथ संपला. खीरदान झालं. सगळ्या बाया पाया पडायला लागल्या, नको नको म्हटलं तरी. कमलाबाई म्हणाली, "पुढच्या वर्षी आवाज थोडा मोठा काढजो, मायं कान गेलं." पुढच्या वर्षी.
हो म्हटलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
सु. ने आज विचारलंच. भांडी घासत होतो, तिची पाठ माझ्याकडे.
"आई, खरं सांग. आपरेशन नको म्हणतेस ते तुझ्यासाठी, का काकासाठी?"
"काकांचं काय त्यात?"
"तुझ्या पोटावर पिशवी दिसली तर तो जन्मभर स्वतःला खाईल. म्हणून तू जीव धोक्यात घालून राहिली. बाबा गेल्यावर तुझ्याजवळ तोच आहे, मले समजते. पण मी पण आहे ना?"
नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण नाही निघेना. हो पण निघेना.
पिशवीची भीती मला जुलैपासूनच आहे, टाचण्यांच्या आधीपासून. हे खरं. पण आता त्या भीतीत भाऊजींचं तोंड मिसळलंय, वेगळं काढता येत नाही. दुसऱ्या बाजूनेही तेच. आपरेशनला हो म्हणावंसं वाटतं तेव्हा ते माझ्या जिवासाठी, की लेकीने काकाशी बोलावं म्हणून?
माझीही कड कोणाला सांगता येणार नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार
ठरलं एवढंच. गुरुवारी दुर्बिणीने जागा बघायची. सर्जन म्हणाले, त्याच दिवशी सही करून दिली तर पुढच्या सोमवारच्या यादीत नाव लावून ठेवतो, नंतर दिवाळी, मग उशीर होईल. कणाचा रिपोर्ट यायच्या आत सांगावं लागणार.
म्हणजे कळण्याआधीच.
दे. भा. विचारत होते, मी येऊ का नको? सु. घरातच होती. मी मोठ्याने म्हटलं, या.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. नागपूर
दुर्बीण झाली. जागा पांढरी, सपाट, व्रण दिसतो. डॉक्टर म्हणाले, डोळ्याला छान आहे. कण घेतले. डोळ्याला मागच्या वेळीही छान होतं.
आता सर्जनच्या खोलीबाहेर. माझा नंबर बारा, आत सातवा गेलाय. पोटात वारा भरलाय दुर्बिणीचा, सरळ बसवत नाही, तरी लिहिते, दुसरं काय करणार.
दे. भा. समोरच्या बाकावर. सु. माझ्या शेजारी. दोघांच्या मध्ये येणारे-जाणारे. मघाशी सु. ने डब्यातल्या पोळ्या काढल्या, मला दिल्या, स्वतः घेतली, मग एक कागदात गुंडाळून समोर नेऊन दिली. "काका, घे." एवढंच. ते उठून उभेच राहिले, पोळी दोन्ही हातांनी घेतली. खाल्ली नाही अजून.
आठवा नंबर गेला.
सहीचा कागद सु. च्या मांडीवर आहे. वरचं सगळं तिने भरलंय. नाव, वय, गाव. फक्त खालची रेघ कोरी. मी वाचला दोनदा, मराठीत आहे, कळतो. सगळे धोके लिहिलेत. सही न करण्याचे धोके लिहिलेले नाहीत.
नववा.
पेन एकच आहे आणि ते माझ्याजवळ, लिहितेय म्हणून. सु. ने दोनदा मागितलं. सही करायला नाही, जावयाचा नंबर लिहायचा राहिलाय म्हणते. देते म्हटलं. एवढी ओळ होऊ दे.